भारतातील चिकित्सा मानसशास्त्र : एका व्यवसायाची जडणघडण

सारांश :
चिकित्सा मानसशास्त्र हा विषय भारतातील अनेक विद्यापीठांत पदव्युत्तर स्तरावर शिकविला जातो. परंतु 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' हा व्यवसाय विद्यापीठात जन्माला आला नाही. तो मनोरुग्णालयात घडला आणि पुढे अपंगांच्या पुनर्वसनासंबंधीच्या कायद्याने त्याला वैधानिक ओळख मिळाली. प्रस्तुत लेखात कलकत्ता विद्यापीठातील आरंभापासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या बदलांपर्यंतच्या या वाटचालीचा आढावा घेतला आहे. पर्यवेक्षित रुग्णालयीन प्रशिक्षण हा या व्यवसायाचा कणा असून, त्याची महाविद्यालयीन शिक्षणाशी सांगड न घातली गेल्याने पदवीधरांची संख्या मोठी आणि प्रशिक्षित व्यावसायिकांची संख्या अल्प अशी विसंगती निर्माण झाली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : चिकित्सा मानसशास्त्र, मनोमापन, पर्यवेक्षित प्रशिक्षण, भारतीय पुनर्वसन परिषद, मानसिक आरोग्य कायदा.

१. प्रस्तावना :

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या व्यक्तींविषयी सुशिक्षित समाजातही पुष्कळ संभ्रम आढळतो. मनोविकारतज्ज्ञ हा मुळात वैद्यक पदवीधर असतो आणि औषधयोजना हा त्याचा अधिकार असतो. समुपदेशक हा शाळा, महाविद्यालय, कुटुंब किंवा उद्योगसंस्था यांमधील समायोजनाच्या प्रश्नांवर मार्गदर्शन करतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे स्थान या दोहोंहून वेगळे आहे. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणानंतर रुग्णांच्या सहवासात विशेष प्रशिक्षण घेऊन तो मनोविकारांचे मूल्यमापन करतो, निदानास साहाय्य करतो आणि मानसोपचाराच्या शास्त्रशुद्ध पद्धतींनी उपचार करतो. औषधे मात्र देत नाही.

अमेरिकेत लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. तेथे विद्यापीठातील प्रयोगशाळेतून चिकित्सालय निर्माण झाले. भारतातील क्रम याच्या उलट आहे. येथे रुग्णालयाने आपली गरज म्हणून मानसशास्त्रज्ञ घडविला आणि विद्यापीठांनी मुख्यतः त्या विषयाचे सैद्धांतिक अध्यापन केले. या क्रमाचे बरेवाईट परिणाम आजही या व्यवसायावर दिसून येतात. मानसशास्त्र विषय शिकविणाऱ्या प्राध्यापकांच्या दृष्टीने हा केवळ इतिहासाचा प्रश्न नाही. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला कोणते काम करण्याचा अधिकार आहे, हा प्रश्न त्याच इतिहासात गुंतलेला आहे.

२. आरंभकाळ : विद्यापीठ आणि मनोरुग्णालय यांच्या समांतर वाटा

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात मानसशास्त्राला तत्त्वज्ञानापासून स्वतंत्र स्थान मिळू लागले. १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. हार्वर्ड येथे ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता हे त्याचे प्रमुख होते. १९२४ मध्ये म्हैसूर विद्यापीठात स्पिअरमन यांचे विद्यार्थी एम. व्ही. गोपालस्वामी यांनी दुसऱ्या महत्त्वाच्या विभागाची धुरा सांभाळली. संवेदन, अवधान, स्मृती, बुद्धिमापन हे या विभागांच्या अभ्यासाचे मुख्य विषय होते. मनोरुग्ण हा त्यांच्या अभ्यासाच्या कक्षेत क्वचितच येत असे.

याला ठळक अपवाद म्हणजे गिरींद्रशेखर बोस. ते मुळात वैद्यक व्यावसायिक होते. दमन या संकल्पनेवरील प्रबंधासाठी त्यांना १९२१ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. १९२२ मध्ये त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना केली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. मात्र त्यांनी फ्रॉइड यांचे विचार जसेच्या तसे स्वीकारले नाहीत. परस्परविरुद्ध इच्छांविषयीचा स्वतंत्र सिद्धान्त त्यांनी मांडला. १९३३ मध्ये कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात त्यांच्या पुढाकाराने सर्वसाधारण रुग्णालयातील मनोविकारविषयक बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला आणि १९४० मध्ये लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय उभे राहिले. विद्यापीठ आणि चिकित्सालय एकाच व्यक्तीच्या कार्यात एकत्र आल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय. परंतु ही परंपरा संस्थात्मक स्वरूपात देशभर पसरली नाही.

दुसरीकडे, वसाहतकाळातील मनोरुग्णालये विद्यापीठांपासून पूर्णतः अलिप्त होती. लोकभाषेत त्यांना 'वेड्यांचे इस्पितळ' म्हटले जाई आणि १९१२ च्या भारतीय वेडेपणा अधिनियमाचा भर उपचारापेक्षा बंदिस्त ठेवण्यावर होता. रांचीजवळील कांके येथे १९१८ मध्ये युरोपीय रुग्णांसाठी स्थापन झालेल्या रुग्णालयात ओवेन बर्कली-हिल यांनी व्यवसायोपचारासारखे नवे उपक्रम सुरू केले. तथापि तेथील सुधारणांचा लाभ प्रामुख्याने युरोपीय रुग्णांपुरता होता.

मुंबईतील एका उपक्रमाची येथे स्वतंत्र नोंद घ्यावी लागेल. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले. हेच विद्यालय पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था या नावाने प्रसिद्धीस आले. बालकाचा वर्तनदोष हा केवळ त्याच्या मनाचा दोष नसून कुटुंब, शाळा आणि परिस्थिती यांच्याशी निगडित असतो, हा दृष्टिकोन या चिकित्सालयामुळे भारतात रुजू लागला. वैद्यक, मानसशास्त्र आणि समाजकार्य यांनी एकत्र काम करण्याची कल्पनाही येथूनच पुढे आली.

३. भोर समिती आणि बंगळूरची संस्था

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नेमल्या गेलेल्या आरोग्य सर्वेक्षण व विकास समितीचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. सर जोसेफ भोर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या समितीच्या वतीने रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांनी देशातील मनोरुग्णालयांची पाहणी केली. तीतून दिसलेले चित्र विदारक होते. सुमारे ४० कोटी लोकसंख्येच्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम १० हजार खाटा होत्या, म्हणजे सुमारे ४० हजार लोकांमागे एक खाट. इंग्लंडमध्ये हेच प्रमाण सुमारे ३०० लोकांमागे एक खाट असे होते. खाटांपेक्षाही गंभीर उणीव प्रशिक्षित मनुष्यबळाची होती. म्हणून समितीने मनोविकारक्षेत्रातील प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय संस्थेची शिफारस केली.

या शिफारशीचे फलित म्हणून १९५४ मध्ये बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. म्हैसूर संस्थानच्या जुन्या मनोरुग्णालयाशी तिचा निकट संबंध होता आणि डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी हे तिचे पहिले संचालक होते. १९५५ पासून तेथे दोन पदविका सुरू झाल्या. एक वैद्यक पदवीधरांसाठी मनोविकारशास्त्राची आणि दुसरी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधरांसाठी वैद्यकीय मानसशास्त्राची. भारतात चिकित्सा मानसशास्त्राचा व्यवसाय या दुसऱ्या पदविकेपासून सुरू झाला असे म्हणता येईल.

या अभ्यासक्रमाची रचना समजून घेणे महत्त्वाचे आहे. विद्यार्थी रुग्णकक्षात प्रत्यक्ष काम करीत असे. तो रुग्णाचा पूर्वेतिहास घेई, मनःस्थितीची तपासणी करी, चाचण्या देई आणि आपले निष्कर्ष वरिष्ठांसमोर मांडी. मनोविकारशास्त्र, चेतासंस्थेचे शास्त्र आणि मनोविकारविषयक समाजकार्य यांचे विद्यार्थी त्याच रुग्णाकडे आपापल्या दृष्टीने पाहत असत. पुस्तकातील 'छिन्नमनस्कता' आणि समोर बसलेला, कुटुंब असलेला, विशिष्ट भाषा बोलणारा रुग्ण यांतील अंतर विद्यार्थ्याला या प्रक्रियेत उमगत असे. पर्यवेक्षणाखाली घेतलेला हा अनुभवच पुढे या व्यवसायाच्या पात्रतेचा गाभा ठरला.

१९६० च्या दशकात रांची येथेही असाच अभ्यासक्रम सुरू झाला. दीर्घकाळपर्यंत बंगळूर आणि रांची हीच या व्यवसायाची दोन प्रमुख माहेरघरे राहिली. १९७४ मध्ये बंगळूरची संस्था व राज्य शासनाचे मनोरुग्णालय यांच्या विलीनीकरणातून राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, म्हणजे निम्हान्स, अस्तित्वात आली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील पदविकेचे रूपांतर दोन वर्षांच्या एम.फिल. अभ्यासक्रमात झाले. पुढील चार दशके एम.फिल. हीच या व्यवसायाची प्रवेशपात्रता मानली गेली.

व्यवसायाची संघटनात्मक बांधणीही याच काळातील आहे. १९६८ मध्ये भारतीय चिकित्सा मानसशास्त्रज्ञ संघटना स्थापन झाली आणि १९७४ पासून तिचे नियतकालिक प्रसिद्ध होऊ लागले. स्वतंत्र संघटना, स्वतंत्र नियतकालिक आणि निश्चित प्रशिक्षण ही कोणत्याही व्यवसायाची लक्षणे मानली तर १९७० च्या दशकाच्या मध्यास भारतात चिकित्सा मानसशास्त्राने ती प्राप्त केली होती. कायदेशीर मान्यता मात्र अद्याप दूर होती.

४. मनोमापन : चाचण्यांचे भारतीयीकरण

रुग्णालयात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचा प्रवेश झाला तो प्रामुख्याने चाचणी घेणारा तज्ज्ञ म्हणून. त्यामुळे चाचण्यांच्या भारतीय रूपांतराचा इतिहास हा या व्यवसायाच्या इतिहासाचा अविभाज्य भाग आहे आणि त्यात मराठी भाषेचे स्थान लक्षणीय आहे.

तत्कालीन मुंबई प्रांतातील धारवाड येथे व्ही. व्ही. कामत यांनी बिने बुद्धिमापन श्रेणीचे कन्नड व मराठी बालकांसाठी रूपांतर केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. बिने-कामत कसोटी या नावाने ती सर्वपरिचित आहे. या कसोटीत वयोगटानुसार प्रश्नांचे गट असतात. बालक ज्या वयाचे प्रश्न सोडवू शकते त्यावरून त्याचे मानसिक वय काढले जाते. मानसिक वयाला कालिक वयाने भागून १०० ने गुणले असता बुद्धिगुणांक मिळतो. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा आले, तर त्याचा बुद्धिगुणांक ७५ होतो. गणित सोपे आहे. अवघड आहे ते प्रश्नांची निवड. परदेशी बालकाच्या परिचयाची वस्तू, नाणी, शब्दांचे अर्थ किंवा रोजच्या व्यवहारातील प्रसंग भारतीय बालकाला अपरिचित असतील, तर प्रश्न बुद्धीचे मापन न करता परिचयाचे मापन करतो. म्हणूनच शब्दशः भाषांतर पुरेसे नसते. प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी भारतीय बालकांवर नव्याने तपासावी लागते. कामत यांच्या कार्याचे महत्त्व नेमके येथे आहे.

निरक्षरता आणि भाषावैविध्य यांवर उपाय म्हणून सी. एम. भाटिया यांनी कृतिप्रधान चाचणीमालिका तयार केली. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मालिकेत ठोकळ्यांची रचना, आकृती काढणे, चित्रखंड जुळविणे, तात्कालिक स्मृती अशा पाच उपचाचण्या असून त्यांत भाषेचा वापर अल्प आहे. नागपूर येथे ए. जे. मालिन यांनी वेक्सलर यांच्या बालबुद्धिमापन श्रेणीचे भारतीय रूपांतर केले आणि ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. दैनंदिन व्यवहारातील स्वावलंबन मोजणाऱ्या वाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे भारतीय रूपांतरही मालिन यांचेच. चंदिगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत द्वारका पर्शद, एस. के. वर्मा आणि त्यांचे सहकारी यांनी स्मृतिश्रेणी व मेंदूच्या कार्यदोषांचे मापन करणारी चाचणीमालिका विकसित केली. निम्हान्समध्ये चेतामानसशास्त्राची स्वतंत्र शाखा वाढली आणि २००४ मध्ये तेथील चेतामानसशास्त्रीय चाचणीमालिकेची मानके प्रसिद्ध झाली. डोक्याला मार लागलेल्या किंवा अपस्मारावरील शस्त्रक्रियेपूर्वीच्या रुग्णाची स्मृती, अवधान, नियोजनक्षमता यांचे मापन अशा चाचण्यांमुळे शक्य झाले.

या कार्याची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. चाचणीची मानके कालांतराने जुनी होतात. शिक्षणाचा प्रसार, आहार आणि माध्यमे यांमुळे पुढील पिढीची सरासरी गुणसंख्या बदलते. तसे असताना १९३० च्या दशकातील बालकांवर आधारित किंवा १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्या भारतात अनेक दशके वापरात राहिल्या. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र, शासकीय सवलत, विशेष शाळेतील प्रवेश हे निर्णय अशा आकड्यांवर अवलंबून असतात. मानके जुनी असतील, तर सीमारेषेवरील बालकाचा बुद्धिगुणांक प्रत्यक्षाहून अधिक दिसण्याचा संभव असतो आणि ते हक्काच्या सवलतीपासून वंचित राहू शकते. चाचणीचा शास्त्रीय दोष अशा प्रकारे सामाजिक अन्यायात रूपांतरित होतो.

५. चाचणीकडून उपचाराकडे

केवळ चाचणी घेणारा साहाय्यक ही प्रतिमा ओलांडून उपचारकर्ता म्हणून उभे राहणे हा या व्यवसायाच्या विकासातील पुढचा टप्पा होता. येथे प्रश्न केवळ अधिकाराचा नव्हता. पाश्चात्त्य मानसोपचाराची चौकट भारतीय रुग्णाला कितपत मानवते, हा मूलभूत प्रश्न होता.

एन. सी. सूर्या आणि एस. एस. जयराम यांनी १९६४ मध्ये या प्रश्नाकडे लक्ष वेधले. पाश्चात्त्य मनोविश्लेषणात उपचारक तटस्थ राहतो आणि रुग्णाने स्वतः बोलते व्हावे अशी अपेक्षा असते. भारतीय रुग्ण मात्र उपचारकाकडे ज्येष्ठ, मार्गदर्शक म्हणून पाहतो. त्याला सल्ला, आश्वासन आणि प्रत्यक्ष दिशा हवी असते. १९७३ मध्ये जे. एस. नेकी यांनी गुरु-शिष्य संबंधाच्या आधारे उपचारसंबंधांची मांडणी केली. अवलंबित्व हा पाश्चात्त्य चौकटीत दोष मानला जातो; भारतीय संदर्भात तो उपचाराचा आरंभबिंदू होऊ शकतो, असे या विचारप्रवाहाचे सार सांगता येईल. या मांडणीवर पुढे टीकाही झाली. सर्व भारतीय रुग्णांना एकाच साच्यात बसविणे आणि उपचारकाच्या अधिकाराला परंपरेचे कवच देणे हे दोन धोके तीत संभवतात. तरीही उपचारपद्धती उसनी घेता येते, उपचारसंबंध उसना घेता येत नाही, ही जाणीव तिने दिली.

प्रत्यक्ष व्यवहारात याहून प्रभावी ठरला तो कुटुंबाचा सहभाग. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूत राहण्याची मुभा दिली. नातेवाइकांसोबत असलेल्या रुग्णांची सुधारणा आणि घरी परतणे सुकर झाले, शिवाय आजाराविषयीचे गैरसमजही कमी झाले. वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य केंद्रानेही कुटुंबासह उपचार हे तत्त्व स्वीकारले. भारतीय मनोविकारक्षेत्राचे हे स्वतंत्र योगदान मानले जाते आणि कुटुंबोपचार हा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाच्या प्रशिक्षणाचा घटक होण्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

१९७० च्या दशकापासून वर्तनोपचार व पुढे बोधात्मक वर्तनोपचार यांचा प्रसार झाला. भयगंड, विचार-कृती अनिवार्यता, व्यसनाधीनता अशा विकारांत निश्चित उद्दिष्ट, मर्यादित बैठका आणि मोजता येणारा परिणाम या वैशिष्ट्यांमुळे या पद्धतींनी चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला रुग्णालयात उपचारक म्हणून स्वतःचे क्षेत्र मिळवून दिले.

६. कायद्याने दिलेली ओळख

व्यवसायाच्या वैधानिक मान्यतेचा मार्ग अनपेक्षित दिशेने आला. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने मनोविकारतज्ज्ञाची व्याख्या केली. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची केली नाही. ती ओळख मिळाली १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियमाने. १९९३ पासून अंमलात आलेल्या या कायद्यात वाक्-श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक आदींबरोबर चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचा समावेश 'पुनर्वसन व्यावसायिक' या वर्गात करण्यात आला. परिषदेची मान्यता असलेली पात्रता आणि केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीतील नोंदणी यांशिवाय व्यवसाय करणे कलम १३ अन्वये दंडनीय ठरले. त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

या व्यवस्थेचे दोन परिणाम झाले. अभ्यासक्रम, शिक्षकांची पात्रता, रुग्णालयीन सुविधा आणि प्रवेशसंख्या यांवर परिषदेचे नियंत्रण आल्याने प्रशिक्षणाचा किमान दर्जा निश्चित झाला, हा पहिला परिणाम. दुसरा परिणाम असा की, ज्या व्यवसायाचे दैनंदिन काम आरोग्यसेवेत चालते त्याचे नियमन आरोग्य मंत्रालयाऐवजी सामाजिक न्याय मंत्रालयाच्या कक्षेत गेले. नैराश्य, चिंताविकार किंवा व्यसन यांवरील उपचार आणि अपंगत्वाचे पुनर्वसन ही कामे परस्परांना स्पर्श करतात, पण ती एक नव्हेत. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने मानसिक आजाराला अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचाही समावेश केला. परिणामी प्रमाणपत्रासाठी चाचणी घेण्याचा भार वाढला आणि उपचारास मिळणारा वेळ त्या प्रमाणात आकसला.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने प्रथमच मनोविकारविषयक मुख्य कायद्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या केली. पुनर्वसन परिषदेने मान्य केलेली चिकित्सा मानसशास्त्रातील पात्रता, किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर पर्यवेक्षित रुग्णालयीन प्रशिक्षणासह पूर्ण केलेला दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. अभ्यासक्रम, असा तिचा आशय आहे. हा कायदा २०१८ मध्ये अंमलात आला. राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी झाल्यावर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' ठरतो. साहाय्यित प्रवेशाच्या प्रसंगी, म्हणजे रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसताना, एका मनोविकारतज्ज्ञाने व दुसऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाने अथवा वैद्यकीय व्यावसायिकाने रुग्णाची स्वतंत्र तपासणी करावी, अशी तरतूद आहे. व्यक्तीच्या स्वातंत्र्यावर मर्यादा घालणाऱ्या निर्णयात मानसशास्त्रज्ञाचे मत ग्राह्य धरले जाणे, ही बंगळूरच्या १९५५ मधील पदविकेपासूनच्या वाटचालीची मोठी परिणती होय. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायविषयक राष्ट्रीय आयोग कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञांना आपल्या अनुसूचीत घेतले. पुनर्वसन परिषदेच्या कक्षेतील चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना मात्र त्यातून वगळले.

७. मनुष्यबळाची विसंगती आणि महाविद्यालये

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १०.६ टक्के प्रौढ व्यक्तींना सर्वेक्षणाच्या वेळी उपचारयोग्य मानसिक विकार होता. निरनिराळ्या विकारांत उपचारापासून वंचित असलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या आकडेवारीनुसार भारतात मानसिक आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचे प्रमाण एक लाख लोकसंख्येमागे केवळ ०.०७ होते, म्हणजे सुमारे १४ लाख लोकांमागे एक. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातून आणि १९९६ पासूनच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा पातळीवर चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे पद कल्पिले गेले. परंतु पद निर्माण केल्याने व्यक्ती निर्माण होत नाही.

महाराष्ट्राचे उदाहरण बोलके आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. पुण्यातील महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत चिकित्सा मानसशास्त्राचे विशेष प्रशिक्षण दिले जाते. १९९० मध्ये ठाण्यात स्थापन झालेल्या मानसिक आरोग्य संस्थेने मराठी भाषेतून मानसिक आरोग्याची चळवळ उभी केली. दुसरीकडे राज्यातील अनेक महाविद्यालयांत मानसशास्त्र हा पदवीचा विषय आहे आणि एम.ए. स्तरावर चिकित्सा मानसशास्त्र हे सर्वाधिक पसंतीच्या विशेषीकरणांपैकी एक आहे. तथापि एम.ए. उत्तीर्ण विद्यार्थी, त्याच्या गुणपत्रिकेत 'चिकित्सा मानसशास्त्र' असे लिहिलेले असले तरी, केवळ त्या पदवीच्या बळावर कायद्याच्या दृष्टीने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ ठरत नाही. विशेष प्रशिक्षणाच्या जागा मोजक्या असल्याने बहुसंख्य पदवीधर समुपदेशन, शिक्षण किंवा सर्वस्वी वेगळ्या क्षेत्राकडे वळतात. काही जण पात्रता नसताना चाचण्या व उपचार करू लागतात. यात विद्यार्थ्याची फसगत होते, पण त्याहून अधिक हानी रुग्णाची होते. आत्महत्येचा धोका वेळीच न ओळखणे किंवा थायरॉइडसारख्या शारीरिक कारणाने आलेल्या नैराश्यावर केवळ संभाषणाने उपचार करीत राहणे, या चुका प्रशिक्षणाच्या अभावातूनच घडतात.

या विसंगतीत राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने नवा प्रश्न उपस्थित केला. धोरणानुसार एम.फिल. ही पदवी बंद करण्याचे ठरले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी ते अंमलात आणले. बहुतांश विषयांत एम.फिल. ही संशोधनाची पायरी होती. चिकित्सा मानसशास्त्रात मात्र ती व्यवसायाची सनद होती. नामसाधर्म्यामुळे दोन भिन्न प्रयोजनांच्या पदव्यांना एकच नियम लागू झाला. ही अडचण लक्षात आल्यावर आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये चिकित्सा मानसशास्त्र व मनोविकारविषयक समाजकार्य या दोन विषयांतील एम.फिल. पदवीची वैधता २०२५-२६ या शैक्षणिक वर्षातील प्रवेशांपर्यंत वाढविली. पुनर्वसन परिषदेने दरम्यान पदवी स्तरापासून चिकित्सा मानसशास्त्राचे अभ्यासक्रम आणि चार वर्षांचा व्यावसायिक डॉक्टरेट अभ्यासक्रम यांची नवी रचना पुढे आणली. पदवीचे नाव बदलणे ही गौण बाब आहे. रुग्णालयातील पर्यवेक्षित अनुभवाचे तास, प्रत्येक शिक्षकामागे विद्यार्थ्यांची मर्यादित संख्या आणि बहुशाखीय चमूत काम करण्याची सवय या तीन गोष्टी नव्या रचनेत टिकतात की नाही, यावर व्यवसायाचा दर्जा अवलंबून राहील. पदवी स्तरावर अभ्यासक्रम सुरू करणाऱ्या महाविद्यालयांजवळ रुग्णालय नसेल, तर सात दशकांत घडलेला कणाच दुबळा होण्याची भीती आहे.

८. समारोप

भारतातील चिकित्सा मानसशास्त्राने परकीय चाचण्यांना देशी रूप दिले, कुटुंबाला उपचारात स्थान दिले आणि कायद्याची मान्यता मिळविली. रुग्णालयाच्या भिंतीआड घडल्यामुळे या व्यवसायाला दर्जा लाभला. त्याच कारणाने तो संख्येने अल्प आणि महानगरांपुरता राहिला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने आंतरराष्ट्रीय निकषांनुसार मनुष्यबळ उपलब्ध करण्यासाठी शासनाला दहा वर्षांची मुदत दिली आहे. ती २०२८ मध्ये पूर्ण होते.

महाविद्यालयांना या बाबतीत काही गोष्टी निश्चित करता येण्यासारख्या आहेत. मानसशास्त्र विशेष विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीच्या वर्गातच चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ यांच्या पात्रतेतील फरक स्पष्टपणे सांगणे, ही पहिली. जिल्हा रुग्णालय अथवा प्रादेशिक मनोरुग्णालय यांच्याशी करार करून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पर्यवेक्षणाखाली निरीक्षणाची संधी देणे, ही दुसरी. मराठी भाषक बालकांवर व प्रौढांवर चाचण्यांची अद्ययावत मानके तयार करण्याचे संशोधन हाती घेणे, ही तिसरी. कामत आणि मालिन यांनी एकेका केंद्रातून आरंभिलेले काम आज अनेक महाविद्यालयांनी मिळून पुढे नेता येईल. त्यासाठी लागणारे विद्यार्थी आणि शाळा या दोन्ही गोष्टी महाविद्यालयांच्या परिसरातच उपलब्ध आहेत.